मारहाण थांबवता येते : कंपालाच्या वस्त्यांनी दिलेला पुरावा

नवऱ्याने बायकोवर हात उगारणं ही जगातली बहुधा सर्वांत जास्त गृहीत धरलेली हिंसा आहे. चोरी झाली तर अख्खी आळी जागी होते; पण शेजारच्या खोलीतून मारहाणीचा आवाज आला की ‘त्यांच्या घरातला मामला’ म्हणून दार लोटून घेतलं जातं. आजवर असंच चालत आलं, पुढेही असंच चालणार, ही समजूत फार खोल रुजली आहे. ‘मानसिकता बदलायला शंभर वर्षं लागतील’ असं चांगली संवेदनशील माणसंही सहज बोलून जातात.

शंभर वर्षं लागत नाहीत, याचा पुरावा आज आपल्या हाती आहे. आफ्रिकेतल्या युगांडा या देशाच्या राजधानीत, कंपालाच्या गरीब, दाट वस्त्यांमध्ये, अवघ्या काही वर्षांत बायकांना होणारी मारहाण लक्षणीय प्रमाणात कमी झाली. त्यासाठी मोठा पोलीस फौजफाटा आला नव्हता आणि कुणाला पैशाचं आमिषही दाखवलं नव्हतं. हे काम त्याच वस्त्यांतल्या बायका-पुरुषांनी केलं. मात्र त्यामागे अतिशय विचारपूर्वक आखलेला कार्यक्रम होता. हा आराखडा कसा होता आणि तो का चालला, हे बायका-मुलींवरची हिंसा संपावी असं मनापासून वाटणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे.

आधी मोजणी

जे मोजता येत नाही ते कमी झालं की वाढलं, हेही सांगता येत नाही. त्यामुळे या विषयातली पहिली मोठी झेप होती ती मोजणीची. जागतिक आरोग्य संघटनेने २००० ते २००३ या काळात बांगलादेश, ब्राझील, इथिओपिया, जपान, पेरू, टांझानिया अशा दहा देशांतल्या २४,००० हून अधिक बायकांच्या मुलाखती घेतल्या. अहवाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

या मुलाखती कशा घ्यायच्या, याचं एक शास्त्रच तयार झालं. मुलाखत घेणाऱ्या सगळ्या बायका, आणि त्यांना काही आठवड्यांचं खास प्रशिक्षण. एका घरातून एकाच बाईशी बोलायचं, तेही एकांतात. मध्येच नवरा किंवा सासू आत आली, तर प्रश्न बदलून आरोग्याच्या साध्या विषयावर गप्पा सुरू करायच्या. ‘तुमच्यावर अत्याचार होतो का?’ असं मोघम विचारायचं नाही. थप्पड मारली का, ढकललं का, केस ओढले का, लाथ मारली का, असं एकेक कृत्य घेऊन विचारायचं. कारण रोजचा मार सोसणारी बाईसुद्धा त्याला ‘अत्याचार’ म्हणेलच असं नाही. लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराचा प्रश्न अगदी शेवटी यायचा. त्यासाठी बाईच्या हातात एक कार्ड दिलं जाई. त्यावर दोन चेहरे काढलेले, एक हसरा आणि एक रडवा. तिने एका चेहऱ्यावर खूण करायची आणि कार्ड बंद करून द्यायचं. जे तोंडाने कधीच सांगितलं नसतं, ते कितीतरी जणींनी या कार्डावरून सांगितलं.

या अहवालातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष सरासरीत नव्हता, तफावतीत होता. जोडीदाराकडून आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांचं प्रमाण जपानमधल्या शहरात १५ टक्के होतं, तर इथिओपियातल्या ग्रामीण भागात ७१ टक्के. पुरुषाचा स्वभावच तसा असता, तर आकडे सगळीकडे सारखे आले असते. एका ठिकाणी १५ आणि दुसऱ्या ठिकाणी ७१ याचा अर्थ एवढाच, की ही हिंसा समाजाच्या रीतीतून घडते. आणि जे रीतीतून घडतं, ते बदलता येतं.

आपल्याकडचं चित्रही याच पद्धतीच्या मोजणीतून समोर आलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात १८ ते ४९ वयोगटातल्या, लग्न झालेल्या सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा अनुभवली होती. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के होतं, म्हणजे चारांमध्ये एक.

‘सासा’चा जन्म

लोरी मिशाउ आणि दीपक नाकेर या दोघांनी १९९९ मध्ये कंपालात ‘रेझिंग व्हॉइसेस’ ही संस्था सुरू केली. हिंसा झाल्यावर बाईला आधार देणाऱ्या संस्था होत्या. हिंसा होऊच नये म्हणून काय करायचं, याचं नेमकं उत्तर मात्र कुणाकडे नव्हतं. कंपालाच्या कावेंपे भागात सुरुवातीचे प्रयोग झाले. त्या कामातून ‘सेडोव्हिप’ ही घरगुती हिंसा रोखण्यासाठी काम करणारी स्थानिक संस्था उभी राहिली. टिना मुसुया यांनी पुढे अनेक वर्षं तिचं नेतृत्व केलं. या अनुभवाचा सारा अर्क काढून २००८ मध्ये ‘सासा’ हा कार्यक्रम तयार झाला. युगांडाला त्या काळी एचआयव्हीनेही ग्रासलं होतं. नवऱ्याला नाही म्हणता न येणाऱ्या बाईला संसर्गाचा धोका जास्त, हे उघड असल्यामुळे हिंसा आणि एचआयव्ही या दोन्ही प्रश्नांवर ‘सासा’ एकत्र काम करू लागला.

या कार्यक्रमाने पहिल्यापासून एक गोष्ट निश्चित केली होती : मूळ प्रश्न रागाचा नाही, दारूचा नाही, गरिबीचाही नाही. या गोष्टी आगीत तेल ओततात. पण मूळ प्रश्न सत्तेचा आहे. घरात कुणाचा शब्द शेवटचा, पैसा कुणाच्या हातात, कुणी कुणाला विचारून घराबाहेर पडायचं, यावर हिंसा उभी असते.

म्हणून ‘सासा’ने ‘स्त्रियांचे हक्क’ या शब्दांनी सुरुवातच केली नाही. ते शब्द ऐकताच पुरुष हाताची घडी घालून बसतात आणि बायकाही संकोचतात. त्याऐवजी प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यात सत्ता कशी अनुभवली आहे, इथून बोलणं सुरू झालं. मालकाने चारचौघांत अपमान केला तेव्हा काय वाटलं? पोलिसाने विनाकारण अडवलं तेव्हा? वस्तीतल्या प्रत्येक पुरुषापाशी या प्रश्नांची उत्तरं होती. आपल्यावर सत्ता गाजवली जाते तेव्हा कसं वाटतं, हे ज्याने बोलून दाखवलं, त्याला पुढचा प्रश्न टाळता येत नाही : मग आपण घरी काय करतो?

चार टप्पे, चार प्रकारचं बळ

‘सासा’चे चार टप्पे आहेत आणि त्यांचा क्रम बदलायचा नाही, असा नियम आहे. पहिल्या टप्प्यात कार्यकर्ते तयार होतात आणि माणसाच्या आतल्या बळाचा विचार होतो. दुसऱ्या टप्प्यात एकाने दुसऱ्यावर गाजवलेल्या सत्तेविषयी वस्तीभर चर्चा सुरू होते. तिसऱ्यात एकमेकांच्या साथीने येणारं बळ कामाला लागतं : मार खाणाऱ्या बाईच्या पाठीशी कसं उभं राहायचं, बदलू पाहणाऱ्या पुरुषाला टोमणे न मारता साथ कशी द्यायची. चौथ्या टप्प्यात प्रत्यक्ष कृती येते. नवे नियम, नव्या सवयी आणि त्या टिकवण्याची व्यवस्था. प्रत्येक टप्प्याला कित्येक महिने दिले जातात. माणसाचं मन आधी प्रश्न ओळखतं, मग विचार करतं, मग तयारी करतं आणि शेवटी वागणं बदलतं, हे मानसशास्त्रातलं सूत्र इथे एका माणसाऐवजी अख्ख्या वस्तीला लावलेलं आहे.

हे काम करणारे कार्यकर्ते बिनपगारी होते, बाहेरून आलेले नव्हते, आणि त्यांत बायका-पुरुष दोघेही होते. त्यांच्याबरोबर स्थानिक पुढारी, पोलीस, आरोग्य कर्मचारी यांनाही प्रशिक्षण मिळालं. त्यांत एक नातं आपल्याला चटकन समजेल असं आहे. कंपाला ज्या भागात आहे, त्या बुगांडाच्या परंपरेत ‘सेंगा’ म्हणजे आत्या. लग्नाआधी मुलीला संसाराच्या चार गोष्टी शिकवायचा मान तिचा. नवऱ्याचं मन सांभाळून सोसत राहा, हाच उपदेश जिच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या गेला, त्या सेंगेलाच सोबत घेण्याचा निर्णय फार शहाणपणाचा होता. परंपरेला शत्रू न मानता तिच्या वाहकांनाच बदलाचे वाहक करण्याचा हा मार्ग होता.

कार्यकर्त्याच्या हातातलं साधन बहुतेक वेळा एक चित्र असे. त्या चित्रात एक अख्खी वस्ती दिसते : कुणी पाणी भरतंय, कुठे नवरा-बायको बोलतायत, कुठे कुणी कुणावर ओरडतंय, कुणी बघत उभं आहे. ‘बायकोला मारू नका’ असं त्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. कार्यकर्ता ते चित्र दुकानासमोर, पाण्याच्या नळाशी किंवा मोटारसायकल-टॅक्सीच्या थांब्यावर उघडतो आणि विचारतो, ‘इथे काय चाललंय? सत्ता कुणाकडे आहे? आपल्या गल्लीत असं कुठे दिसतं?’ उत्तर तो देत नाही. वाद झाला तर होऊ देतो. लोक आपापसांत बोलू लागले की त्याचं काम झालं. भाषण ऐकून माणूस मान डोलावतो आणि विसरतो. स्वतःच्या तोंडून निघालेल्या वाक्याला मात्र तो बांधला जातो.

पथनाट्यं, पत्त्यांसारखे खेळ, घरोघरच्या गप्पा, चित्रपटाचे खेळ, अशा नाना वाटांनी तोच विषय वस्तीत पुन्हा पुन्हा येत राहिला. संशोधनाच्या काळात ४०० हून अधिक कार्यकर्त्यांनी सुमारे ११,००० उपक्रम केले.

कठोर परीक्षा

चांगल्या कामाच्या गोड कहाण्या सगळीकडे असतात. ‘सासा’चं वेगळेपण हे, की त्याने स्वतःला कठोर परीक्षेत बसवलं. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेच्या संशोधकांसोबत कंपालाच्या माकिंड्ये आणि रुबागा या दोन भागांतल्या आठ वस्त्या निवडल्या गेल्या. जोड्या लावून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड झाली : चार वस्त्यांत कार्यक्रम सुरू करायचा, चार वस्त्यांनी अभ्यास संपेपर्यंत थांबायचं. सुरुवातीची पाहणी २००७-०८ मध्ये झाली, शेवटची २०१२ मध्ये. मधल्या काळात शहरात दंगली उसळल्या, काम थांबवावं लागलं; चार वर्षांत प्रत्यक्ष काम झालं ते पावणेतीन वर्षांचंच.

निकाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यक्रम झालेल्या वस्त्यांत, आदल्या वर्षभरात जोडीदाराकडून शारीरिक हिंसा झाल्याचं सांगणाऱ्या बायकांचं प्रमाण इतर वस्त्यांपेक्षा ५२ टक्क्यांनी कमी होतं. ‘काही वेळा नवऱ्याने मारणं योग्यच’ असं मानणाऱ्या बायकांचं प्रमाणही जवळजवळ निम्म्यावर आलं. मार खाल्लेल्या बाईला आसपासच्यांकडून योग्य साथ मिळण्याचं प्रमाण सुमारे दुप्पट दिसलं. आईला मार खाताना पाहणाऱ्या मुलांचं प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी असल्याचं पुढच्या विश्लेषणात आढळलं. बाहेर आणखी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांचं प्रमाण तुलनेच्या वस्त्यांत ४५ टक्के होतं, इथे २७ टक्के.

वस्त्या आठच असल्यामुळे ५२ टक्के या आकड्याभोवतीची अनिश्चितता मोठी आहे, आणि संशोधकांनी ती स्पष्टपणे मांडली आहे. पण मुख्य निकषांचा कल एकाच दिशेला होता, आणि हा निकाल खरोखर थक्क करणारा ठरतो तो आणखी एका कारणामुळे. पाहणी फक्त कार्यक्रमाला आलेल्यांची नव्हती; वस्तीतल्या कुणाचंही घर निवडलं गेलं होतं. म्हणजे बैठकीला कधीच न आलेल्या माणसांच्या घरांपर्यंतही परिणाम पोचला होता. वस्तीतलं ‘चालायचंच’ हळूहळू ‘इथे असं चालत नाही’ असं होऊ लागलं, आणि ही हवा प्रत्येक दारातून आत गेली.

खर्चाचा हिशोबही मांडला गेला. वर्षभरातल्या हिंसेची एक घटना टाळण्यासाठी सुमारे ४६० डॉलर खर्च आला. दवाखाना, पोलीस, कोर्ट, बुडालेली मजुरी आणि मुलांच्या मनावर कायमचा उमटलेला घाव यांच्यापुढे ही रक्कम फार लहान आहे.

जिथे हात आखडला, तिथे परिणाम गळाला

हे यश पाहून ‘सासा’ पंचवीसहून अधिक देशांत गेला; हैतीपासून केनियातल्या दादाब निर्वासित छावणीपर्यंत. सगळीकडे तो सारखा चालला नाही आणि त्यातूनही शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

शेजारच्या रवांडात २०१५ च्या सुमारास ‘इंदाशिकिरवा’ नावाचा कार्यक्रम झाला. त्यातल्या एका भागात बचत गटातल्या जोडप्यांना पाच महिने दर आठवड्याला एकत्र बसवून सत्ता, पैसा, राग, जवळीक या विषयांवर बोलतं केलं गेलं. दोन वर्षांनंतरही या जोडप्यांमधली हिंसा तुलनेच्या गटापेक्षा सुमारे निम्मी होती. दुसरा भाग ‘सासा’च्या धर्तीवर गावपातळीवर जागृतीचा होता. त्याचा गावाच्या पातळीवर परिणाम दिसला नाही. साहित्य तयार करण्यात आणि प्रशिक्षणात बराच वेळ गेला, आणि प्रत्यक्ष गावात काम करायला पुरेसा काळच उरला नाही. औषधाचा कोर्स अर्धा घेतला तर आजार हटत नाही, तसंच इथे झालं.

दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतातला अनुभव आपल्या बचत गटांच्या चळवळीने नीट अभ्यासावा असा आहे. तिथे २००१ पासून गरीब बायकांना लहान कर्जं देण्याबरोबरच स्त्री-पुरुष संबंध, आरोग्य आणि हिंसा यांवर नेटकं प्रशिक्षण दिलं गेलं. जोडीदाराच्या हिंसेचं प्रमाण ५५ टक्क्यांनी घटल्याचे निकाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसतं कर्ज मिळालेल्या बायकांशी पुढे तुलना केली, तेव्हा त्यांची आर्थिक स्थिती सुधारलेली दिसली. हिंसेत मात्र तशी घट दिसली नाही. बाईच्या हातात पैसा यायलाच हवा, पण घरातल्या सत्तेविषयी बोलल्याशिवाय पैसा एकटा तिचं रक्षण करू शकत नाही.

मुंबईतलं काम

महाराष्ट्राकडे या क्षेत्रातला स्वतःचा मोलाचा अनुभव आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसू लागली. पुढे शासनाने हे प्रारूप राज्यभर नेलं. २००० मध्ये सेहत ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उभारलं. ‘जिन्यावरून पडले’ म्हणत जखम दाखवायला आलेली बाई खरं काय सोसून आली आहे, हे ओळखायला डॉक्टर आणि परिचारिका तिथे शिकल्या.

शाळेतही एक प्रयोग झाला. २००८ पासून मुंबईतल्या ४५ महापालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसोबत ‘जेम्स’ हा कार्यक्रम राबवला गेला. कोरो ही सामाजिक संस्था आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था त्यात सहभागी होत्या. काही शाळांत गटचर्चा आणि मोहीम दोन्ही, काही शाळांत फक्त मोहीम, काहींत दोन्ही नाही, अशी तुलना केली गेली. दृष्टिकोनातला बदल सर्वांत ठळक दिसला तो जिथे मुलं गटात बसून बोलली तिथे. कंपालाचा आणि मुंबईचा धडा एकच : भिंतीवरच्या घोषणेपेक्षा समोरासमोरचं बोलणं खोलवर जातं.

आराखड्याची कसोटी

या सगळ्या अनुभवांतून चांगल्या कार्यक्रमाची लक्षणं आता बऱ्यापैकी स्पष्ट झाली आहेत. तो बायका आणि पुरुष दोघांसोबत चालतो. तो सत्तेचा मुद्दा टाळत नाही. तो सल्ले देत नाही, बोलतं करतो. त्याचे कार्यकर्ते वस्तीतलेच असतात, पण त्यांची निवड आणि तयारी काळजीपूर्वक केलेली असते, आणि त्यांना सतत पाठबळ मिळतं. जागृती सुरू होण्याआधी आधारव्यवस्था तयार असते. कारण गप्प बसलेली बाई बोलायला लागली आणि तिच्यासाठी समुपदेशक, डॉक्टर, पोलीस, निवारा यांतलं काहीच नसेल, तर आपण तिला आणखी धोक्यात लोटतो. आणि तो पुरेसा काळ चालतो.

ही शेवटची अट सर्वांत जास्त मोडली जाते. आठ मार्चला मेळावा, पंधरा दिवसांचा जागर, एका दिवसाची कार्यशाळा, रस्त्यावरची फलकबाजी, यांवर आपल्याकडे हौसेने खर्च होतो. या गोष्टींनी उत्साह येतो. पण एवढ्यानेच घरातली मारहाण कमी होते, याला आधार नाही. वर्षभराचं अनुदान मिळतं, सहा महिने तयारीत जातात, लोक विचार करू लागतात न लागतात तोच प्रकल्प गुंडाळला जातो. मग ‘इथली माणसं बदलत नाहीत’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. माणसं बदलतात, त्यांना बदलायला लागतो तेवढा वेळ आपण देत नाही.

म्हणून जिल्हा नियोजनाच्या बैठकीत, महापालिकेच्या महिला-बालकल्याण समितीत, एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीच्या चर्चेत किंवा आपल्या गावच्या ग्रामसभेत असा प्रस्ताव आला, तर त्याला काही साधे प्रश्न विचारले पाहिजेत. काम किमान तीन वर्षं चालणार आहे का? पुरुषांशी कोण, कुठे आणि कसं बोलणार? पहिली बाई मदत मागायला आली तर तिला कुठे पाठवणार? कार्यकर्ते अडले तर त्यांच्या मागे कोण उभं राहणार? आणि हिंसा कमी झाली की नाही, हे कसं मोजणार? या पाच प्रश्नांना नीट उत्तरं असतील, तर त्या कामाला पैसा द्यावा, माणसं द्यावीत आणि मध्येच हात काढून घेऊ नये. कंपालाच्या वस्त्या आपल्या वस्त्यांपेक्षा श्रीमंत नव्हत्या आणि तिथले पुरुष जगावेगळे नव्हते. तिथे पावणेतीन वर्षांत जे साधलं, ते आपल्या घरांतल्या बायका-मुलींनाही मिळालं पाहिजे, आणि ते मिळवून देण्याचा मार्ग आता माहीत नाही असं म्हणायची सोय उरलेली नाही.